पडल्या जनावराचा श्वास

चंद्रीनं नाकातून फुर्रर्र केलं की आमच्या घरात दिवस उजाडायचा. चंद्री ही आमची थोरली म्हैस, कपाळावर पांढरा चांद असलेली. गोठा आणि आमची झोपायची खोली यांच्यामध्ये एकच भिंत होती आणि तीही छपरापर्यंत पोचलेली नव्हती. त्यामुळे म्हशींचं रवंथ, शेपट्यांचे सपके, साखळ्यांचा खळखळाट आणि मधूनच एखादीचा लांबलचक सुस्कारा हे सगळं आमच्या उशाशीच चालायचं. मग आबा उठायचे. रिकाम्या चरवीत पहिली धार पडली की टणटण वाजायची, फेस वर येऊ लागला की तोच आवाज मऊ होत जायचा, आणि चरवी भरत आली की नुसतं सूं सूं. डोळे न उघडता मला कळायचं, कुठली म्हैस आज पान्हा सोडतेय आणि कुठली रुसलीय. आबा म्हशींशी जेवढं बोलत तेवढं आम्हा माणसांशी बोलत नसत. ‘बाय माझी, सरक जरा, पाय काढ,’ हे चंद्रीला. मला आणि आईला नुसतं ‘उठा’.

धारा झाल्या की तात्या, म्हणजे आबांचा धाकटा भाऊ, सायकलला किटल्या अडकवून गल्लीगल्लीत दूध घालायला जायचा. आई चुलीपुढं बसायची. गरम भाकरी, तिच्यावर लोण्याचा गोळा आणि बाजूला दगडी खलात कुटलेला हिरवा खर्डा, अशी न्याहारी मी बाहेर कुठंच खाल्लेली नाही. म्हैस व्याली की खरवस असायचा, गूळ आणि वेलदोडा घातलेला, आणि तो शेजारी वाटायला मलाच पाठवायचे. रविवारी मटण. पांढरा रस्सा आधी की तांबडा आधी यावरून आबा आणि तात्या यांच्यात दर रविवारी तेच भांडण व्हायचं आणि दोघंही शेवटी दोन्ही रस्से मिसळून भुरकायचे. संध्याकाळी म्हशी घेऊन आबा कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या कट्ट्यावर जात. तिथं गिऱ्हाईक उभं राहायचं, आबा त्याच्या डोळ्यांदेखत ग्लासात धार काढायचे आणि माणूस ओठांवर फेसाची मिशी घेऊन घरी जायचा. आबा म्हणायचे, ‘दूध म्हंजी जितं असतंय. म्हशीपास्नं तोंडापतोर मधी काय आलं न्हाय पायजे.’

अशा घरातली मी कॉलेजात प्राणीशास्त्र घेऊन बसले, त्याला कारण एक गैरसमज होता, आणि तो मी केलेला नव्हता. प्राणीशास्त्र शिकलं की जनावरांचा डॉक्टर होता येतं, असं आबांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. कट्ट्यावर ते गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगायचे, ‘पोरगी म्हशींचं शिकाया लागलीया.’ पहिल्या वर्षात शेजारच्यांनी माझ्याकडं एक लंगडी शेळी आणि अंडी न घालणाऱ्या दोन कोंबड्या आणल्या. मी तोवर फक्त झुरळ आणि बेडूक कापले होते. शेळीच्या पायातला काटा आईनं काढला आणि नाव माझं झालं.

तिसऱ्या वर्षाला आम्हाला परुळेकर मॅडम आल्या. मालवणकडच्या, बुटक्या, चष्म्याच्या, आणि बोलताना खडूचा हात गालाला लावून घेणाऱ्या. पहिल्याच दिवशी मी ‘मॅडम, मी जातो’ म्हणाले तेव्हा त्यांनी मागं वळून बघितलं, कुठला मुलगा बोलला म्हणून. कोल्हापुरात बायकाही ‘येतो’, ‘जातो’च म्हणतात हे त्यांना पचायला आठवडा लागला. त्यांचा जीव समुद्रातल्या सस्तन प्राण्यांवर होता: देवमासे, डॉल्फिन, सील. कोल्हापुरात समुद्राचं टिपूस नाही, तरी त्या फळ्यावर देवमाशाची फुफ्फुसं अशी काढायच्या की वर्गातल्या भिंती ओल्या वाटाव्यात. एके दिवशी त्यांनी जे सांगितलं ते मला इतकं अजब वाटलं, की रात्रीच्या जेवणापर्यंत माझ्या तोंडात मावेना.

‘आबा, देवमाशाचं फुफ्फुस केवढं असंल?’ मी विचारलं.

‘आपल्या गोठ्याएवढं की,’ आबा म्हणाले. ‘एवढा टायम पाण्याखाली ऱ्हायचं म्हंजी हवा भरून न्यायाला नको?’

‘तिथंच चुकतंय. अंगाच्या मानानं बघितलं तर आपल्यापेक्षा लहानच. आणि खोल गेलं की ते फुफ्फुस मिटून जातंय.’

तात्यानं भाकरी मोडायची थांबवली. पंचगंगेच्या घाटावर बुडी मारण्यात तात्याचा हात धरणारा कुणी नव्हता, त्यामुळे हा विषय त्याच्या अब्रूचा होता. ‘मिटून जातंय? मग दम कुठनं आणतंय?’

‘रक्तात साठवून नेतंय. मांसात बी. म्हणून त्यांचं मांस काळंकुट्ट असतंय.’

‘म्हंजी शिदोरी डोक्यावर न घेता पोटात घालून निघायचं,’ चुलीपुढून आई म्हणाली. मॅडमनी तासभर घेऊन सांगितलेलं तिनं एका ओळीत बसवलं, आणि लगेच आबांना आमटी वाढली.

मग मी बाकीचं सांगितलं. पाण्याचा दाब वाढला की त्यांच्या बरगड्या आपल्यासारख्या मोडत नाहीत, सांध्यातून दुमडतात. फुफ्फुसातल्या बारीक पिशव्या चपट्या होतात आणि उरलेली हवा वरच्या कडक नळ्यांमध्ये जाऊन बसते. तिथून ती रक्तात शिरू शकत नाही. ‘शिरली तर काय बिघडतंय?’ आबांनी विचारलं. मी म्हटलं, ‘दाबाखाली शिरलेली हवा वर येताना रक्तात बुडबुडे धरती. गोटी सोडा फोडल्यावर कसा फसफसतोय, तसं.’ आबांनी छातीवरून हात फिरवला. ‘आणि सील तर बुडी मारायच्या आधी श्वास सोडूनच देतंय,’ मी शेवटचा बाण मारला.

‘सोडून?’ तात्या म्हणाला. ‘भरून न्हाय?’

‘सोडून. पण ते सीलला जमतंय तात्या. आपल्या रक्तात तेवढी शिदोरी नसती.’

हे दुसरं वाक्य तात्यानं ऐकलं नाही. पुढच्या रविवारी घाटावर, म्हशी पाण्यात बसलेल्या असताना, सगळ्या दोस्तांना पायऱ्यांवर बसवून त्यानं जाहीर केलं की आज सीलची बुडी बघा. छाती रिकामी होईपर्यंत श्वास सोडला आणि गेला खाली. आम्ही नीट टक लावायच्या आतच तो परत वर आला, डोळे पांढरे, तोंडातून पाण्याची पिचकारी. चंद्रीचं शेपूट धरून खोकत उभा राहिला आणि म्हणाला, ‘सुमे, तुझ्या मॅडमला सांग, सील काय कोल्हापूरचं नसतंय.’ आज इतक्या वर्षांनीही माझा नातू टीव्हीवर सील दिसला की ‘कोल्हापूरचं नसतंय’ असं ओरडतो. तात्याला त्यानं पाहिलेलंही नाही.

त्याच वर्षी आबांचा गैरसमज फिटला. कट्ट्यावर खराखुरा जनावरांचा डॉक्टर दूध प्यायला आला, आबांनी त्याला माझं कौतुक सांगितलं, आणि त्यानं ओठ पुसत सांगून टाकलं की ते शिक्षण वेगळं, हे वेगळं. हे शिकून म्हशीला सुई टोचता येणार नाही. आबा घरी आले ते थेट गोठ्यात. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. धारा काढताना एकदाच म्हणाले, ‘मग कशाला शिकतीस?’ आणि मग नेसरीकडचं स्थळ आलं. आबांच्या मावसभावानं आणलेलं, घरचं शेत, दारात म्हशी, मुलगा सोसायटीत नोकरीला. वाईट काहीच नव्हतं त्यात. आबा म्हणाले, ‘परीक्षा झाली की पावण्यास्नी बोलवू.’ आई माझ्याकडं बघून मान खाली घालायची. मॅडम इकडं वर्गानंतर थांबवून सांगायच्या, समुद्राकाठी दोन वर्षांचा पुढचा अभ्यासक्रम आहे, राहायची सोय आहे, तू जायला हवंस. मी दोन्हीकडं नुसती मान हलवत होते.

अशात सहल निघाली. मॅडम वर्गाला किनारा दाखवायला त्यांच्याकडं नेणार होत्या. मुलींच्या घरी त्या स्वतः विचारायला गेल्या. आमच्याकडं आल्या तेव्हा आबांनी त्यांना धारोष्ण दूध दिलं, त्यांनी ते सगळं पिऊन मिशी पुसली, आणि आबांच्या मनात त्यांच्याविषयी तिथंच जागा झाली. पण पोरीला एकटीला पाठवायचा प्रश्न होताच. ‘मी बी येतो,’ आबा म्हणाले. आबांनी समुद्र पाहिलेला नव्हता. म्हशी तात्याच्या हवाली करून, डब्यात खरवस आणि पिशवीत धोतराचा जोड घेऊन ते ड्रायव्हरच्या शेजारी बसले आणि राधानगरीपासून फोंडा घाट उतरेपर्यंत रस्त्यावरच्या प्रत्येक गोठ्याला नावं ठेवत गेले. समुद्र दिसला तेव्हा मात्र नावं ठेवायला काही सापडेना. मग टोपी मागं सरकवून म्हणाले, ‘लई पाणी हाय की.’

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. आम्ही वाळूत शिंपले गोळा करत होतो. लांब किनाऱ्यावर घोळका दिसला म्हणून गेलो. ओल्या वाळूत एक करड्या रंगाचा डॉल्फिन कुशीवर पडला होता, माणसापेक्षा चांगलाच लांब. डोळा उघडा होता. आमच्यातल्या कुणीच तोवर जिवंत डॉल्फिन पाहिला नव्हता. गावातली माणसं बादल्यांनी त्याच्या अंगावर पाणी ओतत होती. आबा पुढं घुसले, एकाच्या हातातली बादली घेतली, ‘मासा हाय, पाण्याबिगर मरंल की!’ म्हणत सगळी बादली सरळ त्याच्या डोक्यावर पालथी केली.

‘अहो, नाकात जातंय त्याच्या!’ मॅडम किंचाळल्या. साडीचा काठ हातात धरून त्या पळत आल्या आणि आबांच्या हातातली बादली त्यांनी अक्षरशः हिसकावली. ‘मासा नाही तो! डोक्यावर ते भोक दिसतंय ना, ते नाक आहे. आपल्यासारखा श्वास घेतो. पाणी आत गेलं तर बुडून मरेल.’

सगळे मागं सरकले. डॉल्फिन हालत नव्हता. डोक्यावरचं नाक घट्ट मिटलेलं. ‘मेलो,’ एक म्हातारा मच्छीमार म्हणाला, म्हणजे मालवणीत ‘मेला’. आबांनी टोपी काढली. त्यांच्या चेहऱ्यावर मी तो भाव फक्त म्हैस दगावली तेव्हा पाहिला होता. ते खाली वाकले आणि त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन हळू म्हणाले, ‘माझ्या हातनं झालं रं.’

‘थांबा,’ मॅडम म्हणाल्या. ‘तो दम धरून असेल. थांबा जरा.’

आम्ही थांबलो. लाटांचा आवाज तेवढा येत होता. वर घिरट्या घालणारी घारसुद्धा मला ऐकू येईनाशी झाली. आणि एकदम ‘फॉऽऽक!’ असा आवाज झाला, सायकलचं चाक फुटावं तसा, आणि डॉल्फिनच्या छातीतला सगळा श्वास, पाण्याच्या तुषारांसकट आणि कुजक्या माशाच्या वासासकट, आबांच्या तोंडावर आला. लगेच हवा आत ओढल्याचा सूंऽ आवाज, आणि नाक पुन्हा बंद. आबा वाळूत बसकण मारून बसले. टोपीनं तोंड पुसलं. मग त्यांच्या तोंडावर हसू पसरत गेलं. ‘च्यायला,’ ते म्हणाले, ‘जित्तं हाय की!’

पण मॅडम हसत नव्हत्या. त्यांनी मला जवळ ओढलं. ‘सुमन, आठवतंय ना, बरगड्या कशा असतात?’ मला आठवत होतं. पाण्याखाली दुमडता याव्यात म्हणून इतक्या मऊ झालेल्या बरगड्या. समुद्रात त्याला चारी बाजूंनी पाणी उचलून धरतं. इथं वाळूवर ते ओझं उचलणारं काहीच नव्हतं. स्वतःच्याच वजनाखाली त्याची छाती चेपत चालली होती, आणि कुशीवर पडल्यानं खालच्या बाजूचं फुफ्फुस तर जवळजवळ मिटलेलंच असणार. भरती यायला दुपार होणार होती. ‘असाच राहिला तर भरतीपर्यंत टिकणार नाही,’ मॅडम म्हणाल्या. ‘सरळ करायला हवा. पण कसा करायचा हे मी फक्त चित्रात पाहिलंय.’ दोन मुलं शेपूट धरून ओढायला निघाली होती. त्यांना त्यांनी ओरडून थांबवलं.

आबांना हे बोलणं अर्धंच कळलं होतं. त्यांनी मला विचारलं, ‘काय म्हणत्यात त्या?’

‘कुशीवर ऱ्हायलं तर खालचं फुफ्फुस दबून मरंल, आबा. पोटावर बसवाया पायजे.’

‘पडल्यालं जनावर हाय म्हण की,’ आबा उठले. ‘मग ओढायचं कशाला? म्हस पडली तर काय करतोय आपण? खालनं उकरायचं आणि बाजूला टेका द्यायचा.’ आणि मॅडमकडं वळून, ‘बाई, ह्याला कुठं धरायचं न्हाय तेवढं तुमी सांगा. बाकीचं आमी बघतो.’

मॅडम सांगत गेल्या: हे पंख मुरगळू देऊ नका, डोळ्यात वाळू नको, नाकावर काही नको, कातडी ऊन सोसत नाही. आबा त्याप्रमाणं माणसं लावत गेले. पोटाखालची वाळू हातांनी उकरली, पंखांसाठी दोन्ही अंगाला खड्डे केले, मच्छीमारांनी गोणपाटं आणली, त्यात वाळू भरली. मग आबांनी ‘हां, आता, समद्यांनी, हळूऽ’ अशी हाक दिली आणि डॉल्फिन पोटावर सरळ झाला. दोन्ही बाजूंना वाळूच्या गोण्यांचा टेका. आबांचं नवं धोतर पाण्यात भिजवून त्याच्या पाठीवर, नाकाच्या मागंपर्यंतच. वर होडीचं जुनं शीड चौघांनी धरून सावली केली. सरळ झाल्यावरचा त्याचा पहिला श्वास आधीपेक्षा मोठा निघाला. मॅडमनी माझा दंड इतका जोरात दाबला, की वळ उठला.

भरतीपर्यंतचा तो वेळ माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर वेळ होता, असं मी आज बेधडक लिहिते. मी त्याच्या डोक्याशी बसले होते, धोतरावर पाणी शिंपत. माझं काम एवढंच, की त्यानं श्वास घेतला की ‘घेतला!’ असं ओरडायचं. मी ओरडले की सगळा किनारा ‘घेतलाऽ’ म्हणायचा. म्हातारा मच्छीमार म्हणाला, ‘मेलो म्हणालंय त्याका माफ कर रे बाबा,’ आणि डॉल्फिनला हात जोडले. आबांनी खरवसाचा डबा फोडला आणि सगळ्यांना वाटला. डॉल्फिनला मात्र देता येणार नाही असं मॅडमनी सांगितल्यावर ते थोडे हिरमुसले. मॅडमनी त्याच्या पोटाखालच्या खड्ड्यात वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘ही मादी आहे. पिल्लाला दूध पाजत असेल कदाचित.’

आबांचा घास हातातच राहिला. ‘दूध?’

‘हो. पाण्याखालीच पाजते.’

आबांनी घास परत डब्यात ठेवला. मग अगदी गंभीरपणे, धंद्याचं बोलावं तसं त्यांनी विचारलं, ‘फॅट किती लागतंय?’

‘म्हशीपेक्षा कितीतरी जास्त,’ मॅडम म्हणाल्या.

‘म्हशीपरास?’ आबांनी त्या करड्या पाठीकडं पाहिलं. तिथून पुढं ते तिला ‘बाय माझी’ म्हणू लागले. ‘बाय माझी, दम धर. आलं बग पाणी. आलं.’

पाणी आलं. गुडघाभर झाल्यावर जाड जाळं तिच्या पोटाखालून सरकवून आम्ही सगळ्यांनी तिला उचलत, ओढत, कमरेएवढ्या पाण्यात नेलं. मॅडमनी सांगितलं होतं, लगेच सोडायचं नाही. इतका वेळ पडून तिचं अंग आखडलंय, तोल सावरेपर्यंत धरून ठेवायचं. धरून असतानाच एक मोठी लाट आली. जाळं सुटलं, मच्छीमार एका बाजूला, आबा दुसऱ्या बाजूला, आणि ती कलंडली. नाक पाण्याखाली. तिनं त्याच क्षणी श्वास घेतला असता तर सगळं संपलं होतं. मी काही विचार केला नाही. घाटावर लहानपणापासून म्हशींच्या पोटाखालून बुड्या मारलेल्या. तशीच खाली गेले, खांदा तिच्या बरगड्यांना लावला आणि पाय वाळूत रोवून वर रेटलं. माझा गाल तिच्या छातीला चिकटला होता. खारं पाणी नाकात, डोळ्यात. आणि मग तिनं वर श्वास सोडला. ती छाती माझ्या गालाशी एका झटक्यात आत गेली आणि दुसऱ्या झटक्यात फुगून मला ढकलून गेली. फळ्यावर खडूनं काढलेली ती फुफ्फुसं, ती दुमडणारी बरगडी न् बरगडी, मला खांद्यानं कळली. मी वर आले तेव्हा खोकत होते आणि हसत होते. आबांनी माझी वेणी धरून मला सरळ उभं केलं.

ती थोडा वेळ आमच्या हातांमध्ये डोलत राहिली. मग शेपटीचा एक सपका, आणि हात रिकामे. आम्ही पाण्यात उभे. पहिला ‘फॉक’ आवाज होड्यांजवळ आला. दुसरा त्याच्याही पलीकडं. तिसरा ऐकला की ऐकल्यासारखा वाटला यावर आबांचं आणि मच्छीमाराचं पुढं एकमत झालं नाही. मॅडम चष्मा काढून पुसत होत्या आणि तो पुसायला त्यांच्याजवळ कोरडं कापड नव्हतं.

पुढं मी याच विषयात आयुष्य घालवलं, तेव्हा कळलं की अशी सोडलेली जनावरं पुष्कळदा परत किनाऱ्याला येतात आणि मरतात. नुसत्या पाण्यात ढकलण्यानं ती वाचतातच असं नाही, आणि ती का आली याचं कारण बहुतेक वेळा आत कुठंतरी असतं. त्या दिवशी आम्हाला हे माहीत नव्हतं. मॅडमना मात्र असणार, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे त्या एकट्याच किनाऱ्यावर निघाल्या होत्या. आबा आणि मी मागून गेलो. खडकांपर्यंत चालत गेलो आणि परत आलो. वाळू स्वच्छ होती. ‘काही न सापडणं ही आजची सगळ्यात चांगली बातमी,’ मॅडम म्हणाल्या. मला तिच्याविषयी एवढंच माहीत आहे.

परतताना घाटात आबा माझ्या शेजारी येऊन बसले. अंगाला त्यांच्या अजून माशाचा वास येत होता. खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘ह्ये शिकणं म्हशीला काय उपेगाचं न्हाय.’

‘न्हाय,’ मी म्हणाले.

‘तुला लई आवडतंय?’

मी त्यांना मॅडमनी सांगितलेलं सगळं सांगितलं: समुद्राकाठची दोन वर्षं, राहायची सोय, सगळं. एकदा बोलायला लागल्यावर थांबता येईना. बोलून झाल्यावर बघितलं तर आबांचे डोळे मिटलेले होते. झोपले होते की ऐकत होते, ते मला कळलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही.

परीक्षा झाली आणि नेसरीची पाहुणेमंडळी आली. मुलाचे वडील, आई आणि एक काका. मी आत पोह्यांच्या बशा भरत होते आणि बाहेर आबा पाहुण्यांना ती गोष्ट सांगत होते. कट्ट्यावर रोज सांगून त्यांनी ती चांगलीच तयार केली होती. डॉल्फिन एव्हाना चंद्रीच्या दुप्पट झाला होता आणि लाट घराएवढी. पण फुफ्फुसांचं त्यांनी एक अक्षर चुकवलं नाही. बरगड्या दुमडणं, हवा नळ्यांत जाऊन बसणं, सगळं बरोबर, मॅडमना आवडलं असतं असं. मुलाचे वडील पुढं सरकून ऐकत होते. ‘आणि मग मासा गेला का आबासाहेब?’ त्यांनी विचारलं.

‘मासा न्हवं, पावणं,’ आबा म्हणाले. ‘जनावर हाय त्ये. फुफ्फुसानं श्वास घेतंय. आमच्या पोरीनं पाण्याखालनं उचलून धरलं, म्हणून गेलं.’

मी बशा घेऊन दारात आले होते. मुलाच्या वडिलांनी माझ्याकडं जरा आदरानं, जरा घाबरून पाहिलं. मग घसा साफ करून म्हणाले, ‘बरं, मग पोरीचं काय म्हणताय?’

‘पोरीचं?’ आबांनी टोपी सारखी केली. ‘पोरगीला अजून दोन वर्सं शिकायचं हाय. समुद्राकाठी. त्येच्या आधी न्हाय जमायचं बगा.’

मला ते तिथं, दारात, हातात बशा घेऊन कळलं. आईला चुलीपुढं कळलं. पाहुणे चांगले होते. काकांनी पोहे घेतले आणि म्हणाले, ‘मग आमी काय करणार? नेसरीत समुद्र न्हाय.’ त्यावर सगळे हसले, दूध प्याले, आणि जाताना मुलाच्या आईनं मला जवळ घेऊन माझ्या खांद्याला हात लावून बघितला, कुठल्या खांद्यानं उचललं म्हणून.

ते गेल्यावर आबा चरव्या घासत बसले. मी जवळ जाऊन उभी राहिले. वर न बघता ते म्हणाले, ‘तिथं खायाप्यायाचं काय?’

‘मेस हाय, आबा. दोन टायम जेवण. सकाळी चहा.’

‘आणि दूध?’

‘दूध पिशवीतलं असतंय तिथं.’

आबांचा हात चरवीत थांबला. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं कुणी त्यांच्या पोरीला खोल समुद्रात दगड बांधून सोडायला निघालंय. ‘पिशवीतलं?’ ते ओरडले. ‘आगं, ती डॉल्फिन पाण्याखाली आपल्या पिल्लाला ताजं पाजती, आणि तू पिशवीतलं पिणार?’ पुढचे कितीतरी दिवस ते घरात कुणाशी धड बोलले नाहीत, आणि त्या सबंध रागात मी घरापासून एवढ्या लांब चालले होते याबद्दल एक शब्दही नव्हता.